आधी काचपेटी, मग बेडूक

माझ्या भाच्याच्या बंगळुरातील सदनिकेत तीन निळे बेडूक राहतात. मूळचे ते पाच होते. दोघांच्या मृत्यूला एप्रिल २०२४ मधील उन्हाळा कारण झाला, आणि उरलेल्या तिघांच्या अनिश्चित कायदेशीर स्थितीला काही अंशी मी कारण झालो. या दुसऱ्या गोष्टीची कबुली देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. पण पहिली सांगितल्याखेरीज दुसरी समजणार नाही.

हे बेडूक 'पॉयझन डार्ट फ्रॉग' या कुळातले. या कुळाचे घर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील दमट अरण्यांत आहे. भाच्याकडे आहे ती निळी जात दक्षिण सुरिनाममधील सिपालिविनी या गवताळ प्रदेशात, मधून मधून असलेल्या जंगलाच्या बेटांत सापडते. आकार अंगठ्याच्या दोन पेरांएवढा, रंग मात्र असा की देवघरातल्या कृष्णालाही हेवा वाटावा. नावातील विषामुळे माझ्या बहिणीने प्रथम आकांत मांडला होता. प्रत्यक्षात हे विष बेडकाला त्याच्या रानातल्या आहारातून, मुंग्या आणि सूक्ष्म कोळीवर्गीय कीटकांतून मिळते. काचपेटीत जन्मलेल्या आणि फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकाच्या अंगी ते नसते. कोलंबियातील एम्बेरा लोक ज्या सोनेरी बेडकाच्या विषाने बाणांची टोके माखत, त्याची पिंजऱ्यातील संततीदेखील निरुपद्रवी निघते. परिस्थिती पालटली की स्वभाव पालटतो, याचा इतका स्वच्छ पुरावा अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मला कधी मिळाला नाही.

भाच्याने हे बेडूक २०२२ साली एका विक्रेत्याकडून घेतले. सोबत हाताने लिहिलेली पावती होती आणि तीवर 'शोभिवंत प्राणी, ५ नग' एवढाच मजकूर. बेडूक आधी घरी आले आणि त्यांना ठेवायचे कशात याचा विचार मागून झाला. वरातीमागून घोडे! प्लास्टिकच्या डब्यात ओले कोकोपीट, वर एक मनी प्लँट. दोन वर्षे कसेबसे निभावले. मग त्या एप्रिलमध्ये बंगळुराचा पारा ३८ अंशांच्या पुढे गेला, भाचा तीन दिवस परगावी होता, घर बंद होते. या बेडकांना बावीस ते सव्वीस अंश मानवतात, तिशीपलीकडे त्यांचा जीव कासावीस होतो. परत आल्यावर त्याला दोन बेडूक डब्याच्या कोपऱ्यात पडलेले दिसले. त्या रात्री त्याने मला दूरध्वनी केला. तिशी ओलांडलेला मुलगा. आवाज लहानपणीच्यासारखा झाला होता.

मी तेव्हा बंगळुरातच नेमणुकीवर होतो. पुढच्या शनिवारी गेलो आणि मग बरेच शनिवार जात राहिलो. आम्ही दोघांनी मिळून एक काचपेटी उभी केली. पंचेचाळीस सेंटिमीटर लांब-रुंद, साठ सेंटिमीटर उंच. हे काम मला इतके आवडले की त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. वाचकांनी क्षमा करावी.

पेटीच्या तळाशी भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा चार बोटे थर, त्यावर नायलॉनची जाळी. वरून झिरपणारे पाणी तळाशी साठते, पण माती कुजत नाही. जाळीवर नेच्याच्या खोडाचा चुरा, कोळशाचे तुकडे, झाडाची साल आणि शेवाळ यांचे मिश्रण. अमेरिकेतील अटलांटा येथील वनस्पती उद्यानात अशा मिश्रणाचा प्रघात पडला, आणि जगभरचे शौकीन आजही ते त्याच नावाने ओळखतात. त्यावर वाळका पालापाचोळा. आम्ही देशी बदामाची पाने उकळून, वाळवून पसरली. मागच्या भिंतीला ब्रोमेलियाड लावले. या झाडाच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचते, आणि याच कुळातील काही जातींच्या माद्या आपली एकेक भैरी अशा बेचक्यात नेऊन सोडतात व पुढे न फळलेली अंडी घालून तिला भरवतात. आमच्या निळ्या जातीत पिल्लांना पाठीवर वाहून नेण्याचे काम बहुधा बापाकडे असते. पाणी शुद्ध केलेले, क्लोरीनविरहित, दिवसातून दोनदा फवाऱ्याने. भक्ष्य म्हणजे उडता न येणाऱ्या फळमाश्या, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांच्या भुकटीत घोळवलेल्या. या माश्या भाचा स्वयंपाकघरात बरण्यांतून वाढवतो. त्याची पत्नी हे सहन करते, याला मी संसारातील उदात्त त्याग मानतो.

पण पेटीचा खरा कारभार पाहणारे जीव वेगळेच. स्प्रिंगटेल नावाचे पांढरे ठिपक्याएवढे कीटक आणि आयसोपॉड म्हणजे ओल्या विटेखाली सापडणारे ते गोळा होणारे किडे. बुरशी, विष्ठा, सडकी पाने हे सारे तेच फस्त करतात. ते पाचोळ्यात रुजेपर्यंत, झाडांची मुळे धरेपर्यंत पेटी रिकामी ठेवायची असते. निदान सहा आठवडे. रोज पाणी मारायचे, तापमान टिपायचे आणि आत एकही बेडूक नाही. भाचा अधीर झाला होता. मला मात्र आयुष्यात प्रथमच एखादी योजना लाभार्थी येण्यापूर्वी सिद्ध होताना पाहायला मिळत होती. आमच्याकडे उद्घाटन आधी होते, कर्मचाऱ्यांची पदे मागाहून मंजूर होतात. त्या सहा आठवड्यांत तिन्ही बेडूक वातानुकूलित खोलीत, जुन्याच डब्यात ओल्या शेवाळावर होते. ऑगस्टच्या मध्याला आम्ही त्यांना आत सोडले.

आता माझ्या चुकीकडे येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये परदेशी प्राण्यांना पूर्वी जवळजवळ स्थानच नव्हते. आयातीच्या परवान्याचा प्रश्न सीमाशुल्क विभागाचा होता. प्राणी एकदा विमानतळाबाहेर पडला की त्याला विचारणारे कोणी नसे. जून २०२० मध्ये केंद्र शासनाने एक मार्गदर्शक सूचना काढली: सहा महिन्यांत स्वेच्छेने नोंद करा, कागदपत्रे मागणार नाही. पुढे २०२२ चा सुधारणा कायदा आला आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला. सायटीस या आंतरराष्ट्रीय करारातील जाती त्याने अनुसूची ४ मध्ये आणल्या. हे बेडूक त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९८७ पासून आहेत. (त्याच १९८७ साली आपण बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही, पण मला तो योगायोग मनोहर वाटतो.) मग २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदणीचे नियम प्रसिद्ध झाले. 'परिवेश' या शासकीय संकेतस्थळावर सहा महिन्यांत, म्हणजे २८ ऑगस्टपर्यंत, असे प्राणी नोंदवायचे होते.

ते सहा महिने माझ्या डोळ्यांसमोरून गेले. राजपत्र वाचणे हा ज्याचा तीस वर्षांचा व्यवसाय, तो शनिवारी पाचोळा उकळत बसला होता. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याच कामासाठी नियम चाळताना मला ती तारीख दिसली. भाच्याला सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मामा, आता काय करू? नोंदवू, की गप्प बसू?"

हा प्रश्न सहकाऱ्याच्या मुलाने विचारला असता तर मी तत्काळ उत्तर दिले असते. भाच्याने विचारल्यावर रात्रभर झोप आली नाही. नोंदवायला जावे तर आपल्याच हाताने उशिराची कबुली द्यायची. गप्प बसावे तर दहा-पंधरा वर्षे जगू शकणाऱ्या जिवाला लपवून ठेवायचे. त्याच्या एका मित्राने तिसरा मार्ग सुचवला होता, आणि त्यानेच मला खरी धास्ती बसली. "आंबोलीला जाताना सोडून दे ना रानात, तेही जंगलच आहे."

आमचे मूळ घर सावंतवाडीकडचे. आंबोलीच्या कातळावर एक लहानसा भेक राहतो, जगात जवळपास तेवढ्याच परिसरात, आणि तो अत्यंत संकटग्रस्त गणला जातो. बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीने जगात पाचशेहून अधिक उभयचर जातींची संख्या घटवली आणि सुमारे नव्वद जाती बहुधा नामशेष केल्या, असा अंदाज २०१९ साली शास्त्रज्ञांनी मांडला. या बुरशीला १९९९ साली प्रथम नाव मिळाले, ते वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात दगावलेल्या एका निळ्या डार्ट फ्रॉगच्या कातडीतून. तीच जात, जी आमच्या भाच्याच्या काचपेटीत आहे. पश्चिम घाटात या बुरशीचे अस्तित्व आढळले असले तरी तिचा नवा, जहाल वाण बाहेरून यावा असे कोणाही शहाण्याला वाटणार नाही. सोडलेला प्राणी परत बोलावता येत नाही. हवाई बेटांवर १९३२ साली डासांच्या बंदोबस्तासाठी याच कुळातील हिरवे-काळे बेडूक सोडले होते. ते अजून तिथे आहेत. आपल्या तलावांत लाल कानांची अमेरिकन कासवे कुठून आली? ज्यांना ती पाळणे जड झाले, त्यांनी आणून सोडली.

म्हणून माझे मत असे आहे. मुदत संपली की दार बंद, ही पद्धत जमिनीच्या किंवा पैशाच्या बाबतीत कदाचित चालेल, जिवंत प्राण्याच्या बाबतीत चालणार नाही. घोषित न केलेला पैसा तिजोरीत निमूट पडून राहतो. घोषित न केलेला बेडूक फळमाश्या खातो, आजारी पडतो, अंडी घालतो, आणि मालक घाबरला तर ओढ्यात जातो. उशिरा येणाऱ्याकडून वाढत्या दराने शुल्क घ्या, पण दार उघडे ठेवा. ज्याला प्राणी ठेवायचाच नाही, त्याला तो सन्मानाने सोपवता येईल अशी एक तरी जागा प्रत्येक राज्यात असू द्या. भाच्याच्या अर्जाच्या निमित्ताने मी एका कार्यालयात गेलो. तेथील अधिकारी सज्जन होते, बिबट्याच्या दातांवरून त्याचे वय सांगू शकणारे. पण मुदत हुकलेल्याने काय करावे हे त्यांना सांगता आले नाही, आणि बेडूक जप्त केलाच तर उद्या सकाळी त्याला खायला काय घालायचे हेही नाही.

यावर आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. दार कायम उघडे ठेवले तर तस्कर त्यातून माल आत आणतील. १९९७ ची ऐच्छिक उत्पन्न प्रकटीकरण योजना आणि २०१६ ची तिची धाकटी बहीण मी जवळून पाहिली आहे. प्रत्येक माफी पुढच्या माफीची वाट पाहायला शिकवते आणि वेळेवर कर भरणारा मूर्ख ठरतो. २०२० च्या सूचनेतही हा दोष होता. कागद न मागण्याचे वचन दिल्यावर कालच बँकॉकच्या विमानातून सामानात दडवून आणलेला प्राणीही परवाचा म्हणून नोंदवता आला. तेव्हा माफी नको, हे मला मान्य. पण तीन बेडूक बाळगणारा आणि तीनशे विकणारा यांत फरक करणे अवघड नाही. नोंदणीच्या अर्जात प्राणी कुठून आला हे जसे विचारता, तसे तो कशात राहतो हेही विचारा. पेटीचे छायाचित्र आणि तापमानाची महिन्याभराची नोंद मागा. व्यापाऱ्याला इतक्या पेट्या दाखवता येणार नाहीत.

आणि चोरीचा माल थांबवायचा असेल तर वैध माल बाजारात हवा. कोलंबियात 'तेसोरोस दे कोलंबिया' नावाच्या संस्थेने शासनाच्या परवान्याने हेच बेडूक पैदा करून निर्यात केले. रानातून पकडलेल्यापेक्षा पेटीत जन्मलेला निरोगी बेडूक मिळू लागला, तर गिऱ्हाईक चोराकडे कशाला जाईल? आपल्या सुधारित कायद्यातही पैदासकाराच्या परवान्याची तरतूद आहे. ती कागदावरून खाली उतरावी, एवढीच अपेक्षा. परदेशी बेडूक मुळात पाळावेच कशाला, असे विचारणाऱ्यांशी माझा वाद नाही. मी स्वतः पाळणार नाही. पण जे इथे आले आहेत ते परत जाणार नाहीत.

भाच्याला मी अर्ज करायला सांगितले. त्याने खरेदीची तारीख, पावती, दोन मृत बेडकांची हकीकत, नव्या पेटीची छायाचित्रे असे सारे जोडून संकेतस्थळावर आणि मुख्य वन्यजीव रक्षकांकडे लेखी दिले. उशिराचे कारण म्हणून 'अज्ञान' लिहिले. मामाचा उल्लेख टाळला, हा त्याचा मोठेपणा. उत्तर अद्याप आलेले नाही.

परवा त्याचा पुन्हा दूरध्वनी आला. पेटीत नारळाच्या करवंटीखाली काचेची बशी ठेवलेली असते. तिच्यात पाच अंडी दिसली आहेत; दोन पांढरी पडली, तीन काळीभोर आणि जिवंत. पंधरा दिवसांत भैऱ्या बाहेर येतील. कायद्याप्रमाणे पिल्लांच्या जन्माचीही नोंद द्यावी लागते.

"मामा," तो म्हणाला, "आईबापांचा नोंदणी क्रमांक लिहायचा रकाना आहे. तिथे काय भरू?"