थंडी अंगात शिरत नाही, ऊब निघून जाते

"थंडी अंगात शिरली," "बाळाला थंडी बाधली," असं आपण सहज म्हणतो. बोलायला ठीक आहे, पण शरीराच्या बाबतीत ते खरं नाही. थंडी नावाची कोणतीही वस्तू बाहेरून आत येत नाही. उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, म्हणजे आपली ऊब बाहेर जाते. हा फरक क्षुल्लक वाटेल, पण त्यावर पुढचे सगळे उपाय ठरतात. थंडी आत शिरते असं मानणारा माणूस तिला हाकलायला शेगडी, कढत पाणी, ब्रँडी शोधतो. ऊब जाते हे ज्याला कळलं, तो ती जाण्याच्या वाटा बंद करतो. माझ्या मते दुसराच मार्ग बरोबर आहे, आणि त्याचे सर्वांत चांगले शिक्षक ध्रुव प्रदेशात राहतात.

ऊब जाण्याच्या चार वाटा

पहिली वाट स्पर्शाची: बर्फावर बसलं की ऊब बर्फात जाते. दुसरी वाऱ्याची: अंगाजवळची गरम हवा वारा उडवून नेतो. तिसरी प्रारणाची: स्पर्श न होताही उष्णता अंगातून आजूबाजूच्या गार वस्तूंकडे जाते. चौथी बाष्पीभवनाची: ओलं अंग वाळताना ऊब घेऊन वाळतं. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून ओलं असणं हे ध्रुवावरच्या प्राण्याचं सर्वांत मोठं संकट असतं.

जास्त जाळायचं की कमी घालवायचं?

उणे ४० अंशांत जगणारे प्राणी शरीरात जास्त उष्णता तयार करत असतील असं आपल्याला वाटतं. शोलँडर, आयर्विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या पॉइंट बॅरो इथे हेच तपासलं आणि १९५० मध्ये निष्कर्ष मांडले. आर्क्टिक प्राण्यांची विश्रांतीतली शरीराची भट्टी उष्ण कटिबंधातल्या प्राण्यांपेक्षा काही मोठी नव्हती. फरक होता तो पांघरुणात. ध्रुवीय कोल्ह्याची दाट फर इतकी ऊब अडवते की कडाक्याच्या थंडीतही त्याला फारसं जास्तीचं इंधन जाळावं लागत नाही. उघड्या अंगाच्या माणसाचं शरीर मात्र हवा साधारण २७ अंशांच्या खाली गेली की जादा कामाला लागतं. आपण मुळात उष्ण प्रदेशातलेच प्राणी आहोत.

पांघरुणानंतरची युक्ती रक्तवाहिन्यांची. रेनडिअरच्या पायात गरम रक्त खाली नेणाऱ्या धमन्या आणि गार रक्त वर आणणाऱ्या शिरा एकमेकींना खेटून असतात. खाली जाणारं रक्त आपली ऊब वर येणाऱ्या रक्ताला वाटेतच देऊन टाकतं. पाय गार राहतात, पण हृदय-मेंदूची ऊब शाबूत राहते. कोल्ह्याच्या तळपायाचं तापमान तर गोठणबिंदूच्या आसपास असतं. पाऊल गोठणार नाही एवढंच रक्त तिथे पोहोचतं.

आपलं शरीरही थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसून हेच करू पाहतं. दारू नेमकी याच्या उलट वागते. ती या वाहिन्या रुंद करते, त्वचेला गरम वाटतं, आणि आतली ऊब भराभर बाहेर जाते. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी "थंडीसाठी दोन घोट" ही कल्पना घरीच ठेवून जावी.

तिसरी युक्ती एकत्र राहण्याची. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात एम्परर पेंग्विनचे नर एकेक अंडं पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून, सुमारे दोन महिने उभे असतात. या काळात ते काहीही खात नाहीत. शेकडोंनी खेटून उभं राहिल्यामुळे प्रत्येकाचा वाऱ्याला उघडा पडणारा भाग कमी होतो. घोळक्याच्या आतलं तापमान कधी कधी ३५ अंशांच्याही वर जातं. एकट्या पेंग्विनची साठवलेली चरबी एवढे दिवस पुरणं कठीण होतं.

पिल्लांची गोष्ट वेगळी

शरीर जितकं लहान, तितकं वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त आणि ऊब जाण्याची वाट मोठी. ध्रुवीय अस्वलाचं पिल्लू जन्मतः जेमतेम ६०० ग्रॅमचं असतं, डोळे मिटलेले, अंगावर विरळ केस. बाहेर त्याचा निभाव लागणार नाही. म्हणून आई बर्फात गुहा करते आणि पिल्लाला अंगाशी धरून, सुमारे तीस टक्के चरबीचं दूध पाजत वसंत ऋतूपर्यंत आत राहते.

हार्प सीलचं पिल्लू तर उघड्या बर्फावर, ओल्या अंगाने जन्मतं. त्वचेखाली चरबीचा थर नसतो. त्याला तारते ती तपकिरी चरबी. ही चरबी न कुडकुडता उष्णता तयार करते. मग पांढरी फर वाळते, आईच्या घट्ट दुधावर वजन झपाट्याने वाढतं आणि बारा दिवसांत अंगावर चरबीचं कवच चढतं.

कोरडं अंग, आईची ऊब, दूध. पिल्लं जगतात ती या तीन गोष्टींवर.

आणि आपलं बाळ?

आपलं नवजात बाळही ओलंच जन्मतं. त्याच्याकडेही थोडी तपकिरी चरबी असते आणि तेही सहसा कुडकुडत नाही. म्हणूनच ते गारठलंय हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. जन्मल्यावर बाळाला पुसलं-गुंडाळलं नाही, तर पहिल्या १०-२० मिनिटांतच तापमान २ ते ४ अंश सेल्सिअसने उतरू शकतं. कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तपकिरी चरबीही कमी असते, त्यामुळे धोका अधिक.

तरीही अनेक घरांत "बाळ स्वच्छ करायला" पहिल्याच दिवशी आंघोळ घातली जाते. हे थांबायला हवं. जागतिक आरोग्य संघटना पहिली आंघोळ किमान २४ तास पुढे ढकलायला सांगते. आंघोळीचं पाणी गरम असलं तरी बाहेर काढल्यावर बाळ ओलंच असतं, आणि ओलेपणा काय करतो ते आपण वर पाहिलं. बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवण्याची पद्धत तर धोकादायकच आहे. कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही येत नाही. मात्र आजीचं टोपडं आणि मऊ दुपटं अगदी शास्त्रशुद्ध. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, तिथूनच बरीच ऊब जाते.

कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे सुरू झाली. तिला कांगारू मदर केअर म्हणतात. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच असं ठेवलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. हे वडील किंवा आजीही करू शकतात.

घरी एवढं करा

- बाळाला लगेच कोरडं पुसा. ओलं कापड बदला. टोपडं, मोजे घाला.
- पंख्याच्या किंवा खिडकीच्या झोतात ठेवू नका.
- जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायला घ्या.
- हाताच्या मागच्या बाजूने बाळाचं पोट आणि तळपाय तपासा. दोन्ही ऊबदार असतील तर ठीक. पोट ऊबदार आणि तळपाय गार असतील तर लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील, बाळ सुस्त असेल किंवा दूध ओढत नसेल, तर छातीशी धरूनच तातडीने डॉक्टरांकडे न्या.

ऊब विकत आणायची गरज फार क्वचित पडते. बहुतेक वेळा ती घरातच असते, आईच्या अंगावर. ती वाया जाऊ द्यायची नाही, एवढंच आपलं काम.