नाव नको, माहिती घ्या

पोलिसांच्या छाप्याची बातमी मराठी वर्तमानपत्रात कशी येते ते आठवून पाहा. ‘गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या खात्रीशीर माहितीवरून पथकाने सापळा रचला’ हे वाक्य इतके ठरून गेले आहे की नजर त्यावरून घसरते. त्या बातमीदाराचे नाव बातमीत नसते, फिर्यादीत नसते आणि सहसा न्यायालयातही येत नाही. कायद्यानेच तशी सोय केली आहे. गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येणार नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १२५ सांगत होते. आता भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद कलम १३१ म्हणून आली आहे. खबर मिळाली की अधिकारी जाऊन खात्री करतो, पंच बोलावतो, मुद्देमाल जप्त करतो आणि सरकारतर्फे स्वतःच फिर्याद देतो. खटला उभा राहतो तो पंचनाम्यावर आणि जप्तीवर. म्हणजे नाव नसलेल्या माणसाच्या माहितीचे काय करायचे, हे आपल्या व्यवस्थेला दीडशे वर्षे पक्के ठाऊक आहे. पण हीच माहिती एखाद्या शिक्षिकेने, दुकानदाराने किंवा शेतमजुराने दिली, की पहिला प्रश्न येतो, ‘तुमचं नाव काय, कुठून बोलताय?’ पोलिसांच्या खबऱ्याला मिळणारे संरक्षण साध्या नागरिकाला का मिळू नये? ते मिळाले पाहिजे, आणि निनावी माहिती घेण्याची वाट सरकारने उघडपणे खुली केली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

येथे फिर्याद आणि खबर यांत गल्लत होते. फिर्यादीला सही लागते, आणि ती लागलीच पाहिजे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते, पण तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. खबर मात्र केवळ दिशा दाखवते. ती स्टेशन डायरीत लिहून शहानिशा करायला कोणाच्या सहीची गरज नाही. तरीही सरकारी भ्रष्टाचाराच्या बाबतीत आपण नेमके उलटे धोरण धरले. निनावी तक्रारींवर कोणतीही कारवाई करू नये, असे केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्ये सांगितले. पडताळून पाहता येईल असा मजकूर असेल तर आयोगाच्या संमतीने चौकशी करता येईल, अशी फट २००२ मध्ये ठेवली गेली. २०१४ मध्ये तीही बुजवली. त्याच वर्षी संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तक्रारदाराने ओळख दिली नाही तर तक्रारीवर कारवाई होणार नाही, असे तो कायदाही म्हणतो. ९ मे २०१४ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण अंमलबजावणीची अधिसूचना निघालीच नाही. नाव द्या, आम्ही ते गुप्त ठेवू, असा हा सारा व्यवहार आहे.

हे वचन किती पातळ असते, ते सत्येंद्र दुबे यांच्या प्रकरणात दिसले. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या या तरुण अभियंत्याने २००२ मध्ये सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहारांबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. पत्र नावासकट एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. तपास यंत्रणेने तो लुटीसाठी झालेला खून मानला, हे नोंदवले पाहिजे. पण जे नाव झाकायला सांगितले होते ते झाकले गेले नाही, यात वाद नाही. या प्रकरणानंतरच, २००४ मध्ये, तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवणारा ठराव केंद्र सरकारने काढला. त्यातही निनावी तक्रार घेतली जात नाही. जे दिल्लीत घडले ते तालुक्यात रोज घडते. वाळूउपशाविरुद्धचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला की आवक क्रमांक पडतो, मग तो ‘पुढील उचित कार्यवाहीस्तव’ तहसीलदारांकडे आणि तेथून मंडल अधिकारी किंवा तलाठ्याकडे जातो. अर्जदाराचे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक त्याच कागदावर असतो. वाटेत कोणी मुद्दाम फोडले नाही तरी तो कागद पाच-सहा टेबलांवर वाचला गेलेला असतो, आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याची त्यांपैकी एका टेबलाशी ओळख असणे अगदी शक्य असते. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांनी जमीन व्यवहार उघड केले ते स्वतःच्या नावाने. पोलीस संरक्षण मागितलेल्या या माणसाला १३ जानेवारी २०१० च्या सकाळी भोसकून मारण्यात आले.

निनावी पत्राने काय साधते, असे विचारणाऱ्यांनी हरियाणातील डेरा सच्चा सौदाचे प्रकरण पाहावे. २००२ मध्ये एका साध्वीने सही न करता पत्र लिहिले. डेऱ्याचा प्रमुख गुरमीत राम रहीम साध्वींवर बलात्कार करतो, असे त्यात लिहिले होते. पत्र पंतप्रधानांच्या नावे होते आणि पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयापर्यंतही पोहोचले. ते केराच्या टोपलीत टाकणे अगदी सोपे होते: सही नाही, आरोप भयंकर, आरोपीमागे लाखो अनुयायी. उच्च न्यायालयाने मात्र स्वतःहून दखल घेतली. आधी सिरसाच्या जिल्हा न्यायाधीशांकडून माहिती मागवली आणि सप्टेंबर २००२ मध्ये तपास सीबीआयकडे दिला. अधिकाऱ्यांनी डेरा सोडून गेलेल्या साध्वींचा शोध घेतला. त्यांतल्या दोघींनी पुढे न्यायालयात उभे राहून साक्ष दिली. ऑगस्ट २०१७ मध्ये राम रहीमला वीस वर्षांची शिक्षा झाली. पत्र लिहिणारीला लपावे का लागले, याचेही उत्तर त्याच वर्षात आहे. पत्र पसरवण्यात हात असल्याचा संशय ज्याच्यावर घेतला जात होता, त्या डेऱ्याच्या माजी व्यवस्थापकाचा जुलैमध्ये खून झाला. आपल्या ‘पूरा सच’ या दैनिकात पत्र छापणारे संपादक रामचंद्र छत्रपती यांच्यावर ऑक्टोबरमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये ते गेले. पत्राखाली सही असती तर साक्षीपर्यंत कोण उरले असते? आणि हेही लक्षात घ्यावे की शिक्षा निनावी पत्रावर झाली नाही. ती नावाने दिलेल्या, उलटतपासणीत टिकलेल्या साक्षीवर झाली. पत्राने फक्त कुठे पाहायचे ते सांगितले.

सर्वांत वजनदार आक्षेप खोट्या तक्रारींचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बढतीच्या तोंडावर सहकाऱ्याविरुद्ध पडणारे निनावी अर्ज प्रत्येक कार्यालयाने पाहिले आहेत. दक्षता आयोगाचे धोरण त्या अनुभवातूनच आले. भाऊबंदकीतही हे हत्यार चालते. पण यावर उपाय माहिती नाकारणे हा नाही, ती कशी वापरायची याचा नियम घालणे हा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम दोन निकालांत फार स्पष्ट केला. १९७८ मध्ये इलिनॉय राज्यातील पोलिसांना निनावी पत्र आले की अमुक जोडपे फ्लोरिडाहून मोटारीने अमली पदार्थ आणते. पोलिसांनी विमानाचे आरक्षण तपासले, पाळत ठेवली, पत्रातला प्रवास जुळतो हे पाहिले, मग वॉरंट घेतले आणि माल पकडला. १९८३ मध्ये न्यायालयाने ती कारवाई वैध ठरवली. उलट फ्लोरिडात बसथांब्यावरच्या चौकड्यांचा शर्ट घातलेल्या मुलाकडे पिस्तूल आहे, असा निनावी फोन आला. पोलिसांनी काहीही न तपासता त्याची झडती घेतली. पिस्तूल खरोखरच सापडले, तरी २००० साली न्यायालयाने ती झडती बेकायदा ठरवली. मला हा दुसरा निकाल फार मोलाचा वाटतो. खबर खरी निघाली तरी पडताळणीवाचून कोणाच्या अंगाला हात लावता येणार नाही, एवढी कडक अट असेल तर निनावी माहितीची भीती निरपराध माणसाला उरत नाही. आपल्याकडे ही अट लिहून ठेवावी: निनावी माहितीवर अटक नाही, निलंबन नाही, वर्तमानपत्राकडे नाव फोडणे नाही, फक्त शहानिशा, तीही ठरावीक मुदतीत.

नीतीचा मुद्दाही मांडला जातो, की खरे बोलणाऱ्याने तोंड लपवू नये. हे बोलणे बहुधा ज्यांना काही गमवायचे नसते त्यांच्याकडून येते. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती न कळवणे पोक्सो कायद्याने गुन्हा ठरवले आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मौनाला शिक्षा ठेवणाऱ्या राज्याने बोलणाऱ्याला सुरक्षित दार ठेवणे हे उपकार नव्हेत, ते त्याचे कर्तव्य आहे. शिवाय धैर्य अनेकदा टप्प्याटप्प्याने येते. डेऱ्याच्या साध्वींना न्यायालयात उभे राहण्याचे बळ आले ते कोणीतरी आपले ऐकते आहे हे कळल्यावर.

राहिला व्यवहाराचा प्रश्न. नाव नसेल तर पुढची माहिती विचारायची कोणाला? ब्रिटनमध्ये १९८८ पासून चालणारी क्राइमस्टॉपर्स ही संस्था फोन करणाऱ्याचे नाव विचारत नाही आणि बक्षीस द्यायचे असेल तर सांकेतिक क्रमांकावर देते. तोच क्रमांक वापरून पुन्हा फोन करता येईल अशी व्यवस्था आपल्याकडेही अवघड नाही. अवघड आहे ती लहान गावातली गोष्ट. तेथे नाव झाकले तरी तपशील बोलतो. बालविवाहाची खबर १०९८ या बालमदत क्रमांकावर गेली आणि ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका व पोलीस हळदीच्या दिवशी मुलीच्या दारात पोहोचले, की घरचे पहिला विचार करतात तो तारीख कोणाकोणाला ठाऊक होती याचा. पथकातल्या कोणी ‘तुमच्याच गल्लीतून फोन आला होता’ एवढे जरी म्हटले तरी संशय दोन-तीन घरांवर येऊन ठेपतो. म्हणून खबर आली हेच सांगू नये, नेहमीच्या पाहणीसाठी आलो असे दिसावे, आणि मुलीचा शाळेचा दाखला आधी मिळवून मगच दारात जावे. हे शिकवता येते, पण त्यासाठी खबर देणाऱ्याचा जीव ही आपली जबाबदारी आहे असे पथकाला वाटले पाहिजे.

आणि वाचकांना एक विनंती. असे पत्र लिहायची वेळ आलीच, तर ठिकाण, तारीख, वेळ, वाहनाचा क्रमांक लिहा. स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले वेगळे ठेवा. जे फक्त तुम्हालाच ठाऊक असू शकते ते गाळा. माणसाबद्दलचा राग आणि विशेषणे बाजूला ठेवा. तपासता येईल एवढेच लिहा, आणि ते पाठवा.