ओतलेल्या रंगाखाली सही कोणाची?

दिवाळीच्या सुट्टीत मी घरीच ॲक्रिलिक रंग ओतून चित्र केले. कॅनव्हास कलता करताच पांढऱ्यातून निळी वर्तुळे उमलली. आईने कौतुक केले. मी ऐटीत सही ठोकली. दुसऱ्या दिवशी पाणी जास्त झाले आणि नुसता चिखल! मग पहिले चित्र तरी माझे कसे?

१९३६ साली न्यूयॉर्कमधील आपल्या कार्यशाळेत मेक्सिकन चित्रकार सिकेरोस यांनी रंग ओतण्याचे प्रयोग केले. तरुण जॅक्सन पोलॉक तेथे होता. त्यांनी योगायोगाला कामाला जुंपले. पांढऱ्यातील टायटॅनियम डायऑक्साइड जड. तो खाली बसतो, हलका निळा वर येतो, हे मला मागाहून उमगले. योगायोग पुन्हा घडवता येईल, तेव्हाच त्याखाली सही करावी, असे माझे प्रामाणिक मत आहे. माझी सही मी तूर्त खोडली आहे.