पलंग उंच घ्या, पण खालची फरशी भरू नका



हिंजवडी, माण, मारुंजी इकडच्या टू बीएचकेमध्ये आता बऱ्याच घरी तीन पिढ्या आहेत. मुलगा-सून आयटीत, त्यांचे निम्मे काम घरून. आजी-आजोबा गावाकडचे घर बंद करून आलेले. आणि नातू आठवी-नववीत, दर सहा महिन्यांनी पँट आखूड होणारा. त्याला अभ्यासाचे टेबल हवे, कपाट हवे, झोपायला पलंग हवा, आणि ज्याला ‘माझा’ म्हणता येईल असा एक कोपराही हवा. दहा बाय अकराच्या खोलीत हे कुठे बसवायचे? मग कोणीतरी मोबाइलवर लॉफ्ट बेडचा फोटो दाखवते. वर गादी, खाली टेबल, बाजूला शिडी.

माझे मत विचाराल तर असा पलंग घ्यावा. मात्र खालची जागा बॅगा आणि खोक्यांनी भरणार असाल, तर घेऊ नये.

कॉमर्सवाली आहे, म्हणून आधी हिशोब मांडते. साडेसहा बाय तीन फुटांचा साधा पलंग साडेएकोणीस चौरस फूट जागा अडवतो. कार्पेटचा दर फुटाला ८,००० रुपये धरला, तर ती जागा १,५६,००० रुपयांची झाली. पलंग वर गेला की एवढी जागा परत मिळते. तिथे जुने मिक्सर आणि लग्नातल्या भेटवस्तू ठेवल्या, तर दीड लाखाचे गोदाम बांधले असे समजा. आपण परिग्रह-परिमाणाचे पच्चक्खाण घेतो, आणि पलंगाखाली परिग्रह वाढवतो. हे बरे नव्हे.

आता मापे. आपल्याकडे राहत्या खोलीची उंची नियमाने किमान २.७५ मीटर असते, म्हणजे नऊ फूट, १०८ इंच. पाच फूट आठ इंचाचा मुलगा ताठ बसला की साधारण ३६ इंच लागतात. गादी आणि खालची फळी मिळून आठ इंच. उरले ६४ इंच, म्हणजे पाच फूट चार इंच. तेव्हा पलंगाखाली तो खुर्चीवर आरामात बसेल, पण उभा राहिला तर डोके आपटेल. फोटोत माणसे खाली उभी दिसतात, कारण त्या खोल्यांची छते उंच असतात. आपल्याकडे वर बसायचे आणि खालीही बसायचे, एवढेच जमते. आणि माप आजच्या उंचीचे घेऊ नका. मुलगे सतरा-अठरापर्यंत वाढतात. गादी ७२ इंची नको, ७८ इंचीच घ्या. वजन किती पेलेल ते दुकानदाराकडून लिहून घ्या. आज चाळीस किलोचा आहे, उद्या सत्तरचा होईल.

सगळ्यात मोठा धोका पंख्याचा, आणि दुकानात तो कोणी सांगत नाही. पंख्याची पाती टोकापासून टोकापर्यंत चार फूट. दहा फूट रुंदीच्या खोलीत मधोमध पंखा असेल, तर पाती भिंतीपासून तीन फुटांवर येतात. पलंगाची रुंदीही तीन फूट, वर चौकटीची जाडी! सकाळी अर्धवट झोपेत पोराने पांघरूण झटकले की हात थेट पात्यात. म्हणून पंखा हलवायचा, किंवा छताचा काढून जाळीचा भिंतीवरचा पंखा लावायचा. हे जमत नसेल, तर उंच पलंगाचा विचार सोडून द्या. यात तडजोड नको.

कठडा गादीच्या वर निदान पाच इंच हवा. अमेरिकेत हा नियमच आहे. जुनी आठ इंची गादी वर टाकली की कठडा तिच्यातच बुडतो, म्हणून पातळ गादी घ्या. सहा वर्षांखालच्या धाकट्याला वर झोपवू नका. शिडीच्या पायऱ्या गोल नळीच्या नकोत, सपाट हव्यात. पलंग भिंतीला पक्का बसवा. काही टॉवरमध्ये भिंती काँक्रीटच्या असतात, काही ठिकाणी हलक्या एएसी ब्लॉकच्या. त्या ब्लॉकमध्ये साधा स्क्रू टिकत नाही, त्यासाठी वेगळे अँकर मिळतात. सुताराला आधी भिंत दाखवा, मग ऑर्डर द्या.

आता आपल्या घरांचा विचार. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात चालणे, उभे राहणे, बसणे आणि झोपणेही जयणेने करायला सांगितले आहे. झोपण्याची जयणा म्हणजे काय? पेटीच्या पलंगाखाली दोन-दोन वर्षे केर निघत नाही. पावसाळ्यात तिथे झुरळे, कसर, वाळवी होते, मग एक दिवस औषध मारणाऱ्याला बोलवावे लागते. जीव आधी होऊ द्यायचे आणि नंतर मारायचे. उंच पलंगाखालची फरशी डोळ्यांना दिसते, रोज झाडता येते, पुंजता येते. मला या पलंगाचा हाच सर्वात मोठा गुण वाटतो.

एक सांभाळायचे. धर्माची पुस्तके पलंगाखालच्या टेबलावर ठेवू नका. वर कोणी पाय पसरून झोपलेले आणि खाली सूत्राची पोथी, ही ज्ञानाची अशातना आहे. ज्ञानपंचमीला आपण त्याच पुस्तकांपुढे हात जोडतो. समोरच्या मोकळ्या भिंतीवर एक फळी ठोका. अभ्यास झाला की शाळेची पुस्तकेही तिथेच जाऊ देत. आजीचे सामायिकाचे आसनही पलंगाखाली नको; खोलीत जी जागा सुटली तिथे अंथरावे. तिची ४८ मिनिटे आणि नातवाचे गणित एकाच खोलीत शेजारी-शेजारी चालू शकतात, हे त्या रिकाम्या फरशीमुळेच जमते.

वर आपला हात पोहोचत नाही, अशी तक्रार अनेकजणी करतात. चादर कोण बदलणार? तोच बदलेल! तेरा वर्षांच्या मुलाला आपले अंथरूण आवरता यायलाच हवे. पण दोन गोष्टी मोठ्यांनी ठरवाव्यात. वर चार्जिंगचा प्लग द्यायचा नाही. फोन रात्री खाली राहील. आणि वर खाणे न्यायचे नाही. रात्रिभोजनाचा प्रश्न आहेच, शिवाय चुऱ्यामागे मुंग्या वर चढतात. बाकी तो वर काय वाचतो, काय विचार करतो, ते सारखे डोकावून पाहू नये. या वयात मुलाला थोडे अंतर लागते. छोट्या घरात ते जमिनीवर मिळत नाही, तर थोडे वर मिळू द्यावे. ताप आला की मात्र त्याने खाली यावे. त्यासाठी गुंडाळून ठेवलेली एक गादी घरात असू द्या, कारण कपाळावर पट्टी ठेवायला शिडी चढणे आपल्याला झेपायचे नाही.

आणि ज्या खोलीत पंखा हलत नाही, छत कमी आहे, किंवा मूल झोपेत उठून चालते, तिथे ही गुंडाळायची गादीच उत्तम. रात्री अंथरा, सकाळी घडी करा. दिवसा ती एक फूटही जागा अडवत नाही. पौषधात आपण जमिनीवर संथाऱ्यावर झोपतोच की. त्यात कमीपणा वाटायचे कारण नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी टेप घ्या. छत मोजा, पंखा मोजा, मुलालाही मोजा. मग सगळ्यांनी बसून ठरवा की खालची जागा कोणाची. उत्तर ‘सामानाची’ असे आले, तर पैसे वाचवा.