टायरवरचा न वाचलेला आकडा

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गावर उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी प्राणांस मुकले, तेव्हा चालकाची पहिली कैफियत टायर फुटल्याची होती. परिवहन खात्याच्या तपासणीत तिला पुष्टी मिळाली नाही, हा भाग निराळा. परंतु ती कैफियत इतक्या सहजतेने ओठांवर यावी आणि ऐकणाऱ्यांनीही ती तितक्याच सहजतेने खरी मानावी, यात आपल्या सार्वजनिक समजुतीचे एक वैगुण्य प्रकट होते. टायर फुटणे हा आपल्या लेखी वीज कोसळण्यासारखा प्रकोप आहे. त्याला कर्ता नाही, म्हणून जबाबदारही कोणी नाही. वस्तुतः भर रस्त्यात फुटणाऱ्या टायरचे भवितव्य पुष्कळदा दुकानाच्या गल्ल्यापाशी, जुना काढून नवा बसवतानाच, निश्चित झालेले असते.

मोटारीच्या टायरवर, समजा, ‘१८५/६५ आर १५’ असा मजकूर असतो आणि त्याच्या शेजारी ‘८८ एच’ अशी आणखी दोन चिन्हे असतात. पहिला मजकूर गिऱ्हाईक वाचते, कारण तो जुळल्यावाचून टायर रिमवर चढत नाही. पुढची दोन चिन्हे मात्र सहसा कोणी वाचत नाही, आणि खरी मेख तर तेथेच आहे. ८८ हा भारांक असून त्याचा अर्थ ५६० किलो, व ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. याच्या जागी ८५ भारांकाचा, म्हणजे ५१५ किलोचा टायर घातला तर नगामागे चारपाचशे रुपयांची बचत झाल्याचे समाधान लाभत असेलही. पण चार चाकांत मिळून १८० किलोंची, म्हणजे तीन भरल्या अंगाच्या माणसांची, भारवहनक्षमता आपण राजीखुशीने सोडून दिलेली असते. शिवाय भार काही चारही चाकांवर न्यायाने वाटला जात नाही. मागची बाके भरली, डिक्की गच्च झाली आणि टपावरच्या कॅरियरवर बिछाने चढले, की मागची दोन चाके सर्वांचे पाप वाहतात.

घर जेव्हा चाकांवर चढते तेव्हा हा हिशेब अधिकच निर्दय होतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मान्य केले. ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा या अरण्यांच्या उंबरठ्यावर वसलेल्या नागपुरात त्या हौसेला बहर येणे स्वाभाविक आहे. परंतु साध्या प्रवासी वाहनाच्या सांगाड्यावर पलंग, ओटा, वातानुकूलन यंत्र आणि शंभर लिटर पाण्याची टाकी बसवणारा मिस्त्री लाकडाच्या पॉलिशबद्दल जितका दक्ष असतो, तितका त्या टाकीतील पाण्याच्या शंभर किलोंबद्दल असतोच असे नाही. मोटारीमागे ओढावयाचा, एकाच आसाचा ट्रेलर असेल तर प्रश्न आणखी उघडा पडतो: सामानासह वजन पंधराशे किलो भरले आणि ९१ भारांकाचे, म्हणजे ६१५ किलोंचे, दोन टायर खाली असले, तर बेरीज १२३० होते, थोडासा भार ओढणाऱ्या मोटारीच्या हुकावर जातो हे मान्य करूनही तूट भरून निघत नाही. तेथे १०० भारांकाचा, आठशे किलोंचा टायर हवा, आणि त्यानेही जेमतेमच भागते. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी वाहन पाण्यासह, माणसांसह पूर्ण भरून धर्मकाट्यावर न्यावे आणि प्रत्येक आसाचे वजन वेगवेगळे करून घ्यावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

भार वास्तविक रबर पेलत नाही, आतील कोंडलेली हवा पेलते. भारांकाचे वचनही ठरावीक दाबालाच लागू असते. दाब कमी किंवा भार अधिक झाला की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात वाजवीपेक्षा अधिक दबते व उभारते, त्या लवण्यातून उष्णता जन्मते, ती साचत साचत पोलादी पट्ट्यांपर्यंत पोहोचते आणि पट्टे रबरापासून सुटू लागतात. नागपूरच्या उन्हाळ्याविषयी बाहेरच्यांना सांगावे लागते, आपणांस नाही (२०२४ च्या मे महिन्यात येथील एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा वेधशाळेने यंत्रच सदोष ठरवले, उन्हाला मात्र कोणी सदोष ठरवले नाही). अशा दिवसांत ‘हवा फुगते, म्हणून थोडी कमीच ठेवा’ हा जो सल्ला नाक्यानाक्यावर फुकट मिळतो, तो सर्वांत महाग पडणारा आहे. कंपनीने सांगितलेला दाब सकाळी, चाके थंड असताना, मोजून भरावा, हा एकच शिरस्ता योग्य. त्यातच समृद्धीच्या ७०१ किलोमीटरच्या काँक्रीट मार्गावर, १२० च्या परवानगीने, तासन्‌तास न थांबता धावणाऱ्या चाकाला खड्डे आणि गतिरोधक सक्तीने जी विश्रांती देत असत, तीही आता उरलेली नाही.

समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर परिवहन खात्याने टायर तपासण्याचा आणि गोटा झालेल्या टायरांची वाहने परत फिरवण्याचा उपक्रम केला, तो स्तुत्यच होता. तथापि नक्षीची झीज डोळ्यांना दिसते म्हणून तिची तपासणी होते, आणि भारांक वाचावा लागतो म्हणून तो राहून जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी टायरच्या अवस्थेबरोबर त्याचा आकार व प्लाय यांचाही विचार केलेला आहे. तेव्हा नव्या कायद्याची गरज नाही, अंमलबजावणीची आहे. दारावरच्या चिठ्ठीत वा मालकाच्या पुस्तिकेत छापलेला भारांक आणि चाकावरचा भारांक ताडून पाहण्यास शिपायाला अर्धा मिनिट पुरेल. कॅरव्हॅनच्या नोंदणीसाठी तर पूर्ण भरलेल्या वाहनाचा धर्मकाट्याचा दाखला सक्तीचा करावा.

आणि विक्रेत्यांवर एक लहानसे बंधन घालावे. आज पावतीवर बहुधा ‘टायर, २ नग’ आणि रक्कम एवढाच तपशील असतो. त्यावर आकार, भारांक, वेगचिन्ह आणि टायरवर चार अंकांत कोरलेला उत्पादनाचा आठवडा व वर्ष लिहिणे आवश्यक केले, तर उद्या पंचनाम्याच्या वेळी ‘टायर फुटला’ या दोन शब्दांपुढे निदान कोणता, कोणी दिलेला आणि कोणी मागितलेला, हे विचारता येईल.