जुन्या बाजाराचे नवे दुखणे

जुन्या वस्तूंना सध्या बरे दिवस आले आहेत. ज्या ग्रामोफोनला एकेकाळी माळ्यावरही जागा नव्हती, तो आता दिवाणखान्यात मानाने विराजमान होतो. मग या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या दुकानांची भरभराट व्हायला हवी होती. दक्षिण मुंबईतील चोर बाजाराकडे पाहिले तर चित्र इतके सरळ दिसत नाही.

भेंडी बाजाराशेजारच्या मटण स्ट्रीटवरील यातील अनेक दुकाने कौटुंबिक आहेत. 'शोर'चा अपभ्रंश होऊन 'चोर' झाला, ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, या नावाने बाजाराला गिऱ्हाईक मिळवून दिले आणि संशयही कायमचा चिकटवला. शुक्रवारी दुकाने बंद आणि रस्त्यावर पथाऱ्यांचा बाजार, ही इथली रीत. घड्याळे, पितळी कंदील, सागवानी खुर्च्या, एनॅमलच्या पाट्या आणि हिंदी चित्रपटांची भित्तिपत्रके, असा हा पसारा. यातील भित्तिपत्रकांचे मोल विशेष आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले; तोवर मूकपटांचा बहुतांश ठेवा नष्ट झाला होता. सरकारला जे जपण्याचे सुचले नाही, त्यातले थोडेफार रद्दीतून वेचले गेले ते अशा दुकानदारांमुळे. अर्थात त्यांनी ते धंद्यासाठी केले, संस्कृतिरक्षणासाठी नव्हे. पण वस्तू वाचली हे खरे.

या व्यवसायाचे खरे भांडवल म्हणजे पारख. जुन्या पेटीवर नवा कर्णा बसवून 'अस्सल' ग्रामोफोन तयार होतो, नव्या पितळेला रसायनाने जुनाट रंग चढतो. खरे-खोटे ओळखण्याची नजर बापाशेजारी गल्ल्यावर वर्षानुवर्षे बसूनच येते. व्यवसाय घराण्यात राहण्याचे दुसरे कारण मात्र कायद्यात आहे. पागडीच्या जागेत मालकी नसते, भाडे नाममात्र असते. आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर व्यवसायाच्या जागेवर पहिला हक्क येतो तो त्याच जागेत व्यवसाय करणाऱ्या कुटुंबीयाचा. मुलगा दुकानात बसला नाही तर पारख जाते आणि जागेचा हक्कही वादात सापडतो.

बाकीचे कायदे या व्यापाराच्या स्वरूपाशी फारसे जुळत नाहीत. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षे आहे. खासगी व्यक्तीला अशा वस्तूंची निर्यात करताच येत नाही. मूर्तिचोरी रोखण्यासाठी हे आवश्यकच आहे. त्यात सूट मागणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. अडचण वेगळी आहे. विदेशी पर्यटकाने पन्नास वर्षांपूर्वीचा कंदील घेतला तरी विमानतळावर हटकले जाऊ नये म्हणून तो पुरावशेष नसल्याचा दाखला जवळ असलेला बरा, आणि तेवढी उसंत पर्यटकाजवळ नसते. वस्तू व सेवा कराचेही तसेच. २०१७ च्या नियमांनी जुन्या वस्तूंवर केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची सोय दिली, हे योग्यच झाले. परंतु फरक सिद्ध करायचा तर खरेदीची नोंद हवी. भंगारवाल्याकडून गोणीभर सामान एका ठोक रकमेत घेतले, तर त्यातल्या एका घड्याळाची खरेदी किंमत कोणती? चोरीच्या मालाचा संशय आला, तरी प्रश्न त्याच नोंदीपाशी येऊन अडतो. दुकानदारांनी निदान विक्रेत्याचे नाव, तारीख आणि वस्तूचे छायाचित्र जपण्याची सवय लावून घेतली, तर कर आणि पोलीस या दोन्ही आघाड्यांवर त्यांची बाजू बळकट होईल.

सर्वांत मोठा प्रश्न जागेचा. शेजारच्या भेंडी बाजारात सुमारे साडेसोळा एकरांवर समूह पुनर्विकास सुरू आहे. त्याच्या आराखड्यात जवळपास अडीचशे जुन्या इमारती आणि साडेबाराशे दुकाने येतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक जीव गेले, तेव्हा जुन्या इमारती आहेत तशाच राहाव्यात असे कोणीही म्हणणार नाही. पण ही लाट मटण स्ट्रीटवर पोचली, तर क्षेत्रफळाइतकीच जागा देऊन भागणार नाही. या दुकानाचा निम्मा माल रस्त्याकडे तोंड करून मांडलेला असतो आणि उरलेला पोटमाळ्यावर. हातगाडी दारापर्यंत यावी लागते. वरच्या मजल्यावरील काचबंद गाळ्यात ग्रामोफोन विकता येईल, चार माणसांनी उचलून आणलेले शिसवी कपाट तिथे चढवणार कसे? पुनर्विकासाच्या करारात तळमजला, पोटमाळा आणि संक्रमण काळातील साठवणीची जागा यांचा स्पष्ट उल्लेख व्हावा, ही मागणी दुकानदारांनी संघटितपणे आत्ताच मांडायला हवी. सह्या झाल्यानंतर तिला कोणी विचारणार नाही.