आधी काय सोडायचं?

आज एक कोडं.

युरोपातले सगळे हंस पांढरे असतात. जाळ्यात सापडलेला पक्षी हंस आहे. तो स्वीडनचा आहे. स्वीडन युरोपात आहे. या चार गोष्टी मानल्या, तर पक्षी पांढराच हवा. पण तो निघाला काळा! आता चारपैकी निदान एक गोष्ट सोडायला हवी. कोणती?

हे उदाहरण स्वीडनचे तत्त्वज्ञ पीटर गार्डेनफोर्स यांचं. आल्चुरोन आणि मॅकिन्सन यांच्यासह त्यांनी १९८५ मध्ये मत बदलण्याचं तर्कशास्त्र मांडलं. नवी गोष्ट स्वीकारा, विसंगती ठेवू नका आणि जुन्यातलं गरजेपेक्षा जास्त टाकू नका, हा त्याचा गाभा. मात्र नेमकं काय सोडायचं, हे निव्वळ तर्क सांगत नाही. जी समजूत मनात कमी रुजलेली, ती आधी जाते.

मला हे घरात फार उपयोगी वाटतं. शब्दाचा पक्का असलेला धाकटा भाऊ ‘पैसे पाठवले’ म्हणतो आणि खात्यात काहीच नसतं. रागाच्या भरात आपण आधी भावावरचा विश्वासच सोडतो! खाते क्रमांक बरोबर दिला होता, बँक चालू होती, या किरकोळ समजुती मात्र तपासतही नाही. पुरावाच तसा आला, तर भावाबद्दलचं मतही बदलावं लागेल. पण त्याची पाळी शेवटी.

तुमच्या घरी असा काळा हंस कधी आला होता? तेव्हा तुम्ही आधी काय सोडलंत? जरूर कळवा.